इनलाइन असेम्ब्लीला रजिस्टर मिळत नाही, किंवा भलतंच मिळतं: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

लक्षणं

सी किंवा सी++ च्या कोडमध्ये असेम्ब्लीचे चार-दोन ओळींचे तुकडे (इनलाइन असेम्ब्ली) वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात. मग कोणीतरी कंपायलर बदलतं, ३२-बिटसाठी बिल्ड करतं किंवा नुसतं डीबगसाठी ऑप्टिमायझेशन बंद करतं, आणि पुढच्यापैकी एखादी गोष्ट समोर येते.

- जीसीसी कंपायलर ‘एएसएम ऑपरंड हॅज इम्पॉसिबल कन्स्ट्रेंट्स’ म्हणून थांबतो. त्याच जागी दुसरा कंपायलर, क्लँग, म्हणतो, ‘इनलाइन असेम्ब्ली रिक्वायर्स मोर रजिस्टर्स दॅन अव्हेलेबल’.
- -ओ२ ला (ऑप्टिमायझेशन चालू) बिल्ड होतो. -ओ० (ऑप्टिमायझेशन बंद) दिलं किंवा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावला की फेल.
- ६४-बिटला काहीच अडचण नाही, पण -एम३२ दिलं की असेम्ब्लर ‘बॅड रजिस्टर नेम %एसआयएल’ म्हणतो. नवा जीसीसी असेम्ब्लरपर्यंत जाऊच देत नाही, स्वतःच ‘अनसपोर्टेड साइज फॉर इंटिजर रजिस्टर’ म्हणतो. दोष एकच आहे.
- कुठलाही एरर येत नाही, प्रोग्रॅम चालतो, उत्तर चुकतं. कधी चुकतं, कधी नाही. सगळ्यात वाईट लक्षण हेच.
- ‘इंटर्नल कंपायलर एरर’ येतो, सोबत ‘अनेबल टू फाइंड अ रजिस्टर टू स्पिल’ किंवा ‘मॅक्सिमम नंबर ऑफ जनरेटेड रीलोड इन्सन्स पर इन्सन अचीव्ह्ड (९०)’.

शेवटचं लक्षण सोडलं, तर या सगळ्यांचं मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली मूल्य ठेवायची मोजकी जागा. कोणत्या क्लासमधलं, म्हणजे गटातलं, रजिस्टर चालेल हे कंपायलरला आपण एका अक्षरानं (कन्स्ट्रेंट) सांगतो. ते अक्षर खरं नसतं, किंवा त्या क्लासमध्ये तेवढी रजिस्टरं शिल्लक नसतात.

आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अंदाजपंचे होईल

रजिस्टर अ‍ॅलोकेशनच्या, म्हणजे खरी रजिस्टरं वाटण्याच्या, आधी कोडमधली मूल्यं हव्या तितक्या आभासी रजिस्टरांत असतात. जीसीसीत त्यांना सूडो म्हणतात. सूडोला खरं रजिस्टर देण्याआधी ते कोणत्या क्लासमधून द्यायचं हे ठरतं. क्लास म्हणजे नाव दिलेला रजिस्टरांचा गट. एक्स८६ मध्ये जनरल_रेग्ज आहे, ए-बी-सी-डी या चारच रजिस्टरांचा क्यू_रेग्ज आहे, ईएसपी वगळून केलेला इंडेक्स_रेग्ज आहे, एसएसई_रेग्ज आहे, आणि फक्त ईएएक्स असलेला एरेगही आहे. एकच रजिस्टर अनेक क्लासमध्ये असू शकतं.

निवड होते ती खर्चाच्या हिशोबानं. जीसीसीत हे काम आयआरए नावाचा टप्पा करतो. तो व्लादिमीर मकारोव यांनी लिहिला आणि २००९ च्या जीसीसी ४.४ मध्ये आला. एखादं सूडो जिथं जिथं वापरलंय ती प्रत्येक इन्स्ट्रक्शन तो पाहतो आणि विचारतो: हे मूल्य या क्लासमध्ये ठेवलं तर इथं किती खर्च येईल? इन्स्ट्रक्शनला दुसरा क्लास हवा असेल तर एका क्लासमधून दुसऱ्यात हलवण्याचा खर्च धरायचा. मेमरीत ठेवलं तर आणण्या-नेण्याचा धरायचा. तो भाग किती वेळा चालतो यानं हा आकडा गुणला जातो, त्यामुळे लूपमधला वापर जड ठरतो. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो पसंतीचा क्लास. मेमरीच स्वस्त पडली तर उत्तर येतं नो_रेग्ज, म्हणजे रजिस्टर देऊच नका.

साध्या इन्स्ट्रक्शनला कोणता क्लास चालतो हे त्या प्रोसेसरच्या मशीन डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलेलं असतं. आपल्या असेम्ब्लीच्या तुकड्याबद्दल तिथं काहीच नसतं. तुकड्यातल्या इन्स्ट्रक्शन जीसीसी वाचतच नाही. लांबीच्या अंदाजासाठी ओळी मोजतो, बस. क्लँगचा असेम्ब्लर तो मजकूर वाचतो, पण तोपर्यंत रजिस्टरं वाटून झालेली असतात. म्हणजे निवडीच्या क्षणी कंपायलरच्या हातात फक्त तुमचं अक्षर असतं. ‘आर’ लिहिलंत तर त्याचा अर्थ ‘जनरल_रेग्जमधलं कुठलंही द्या, माझी इन्स्ट्रक्शन ते पेलेल’. ही हमी तुम्ही दिलेली आहे.

या हमीकडे कंपायलर लिहिणारे स्वतः किती गंभीरपणे पाहतात याचं अलीकडचं उदाहरण बघा. इंटेलनं २०२३ मध्ये एक्स८६ चा एपीएक्स हा विस्तार जाहीर केला आणि जनरल रजिस्टरं १६ ची ३२ झाली. २०२४ च्या जीसीसी १४ मध्ये त्याचा सपोर्ट आला, पण इनलाइन असेम्ब्लीत ‘आर’ला आर१६ ते आर३१ ही नवी रजिस्टरं आपसूक मिळत नाहीत, -एमएपीएक्स-इनलाइन-एएसएम-यूज-जीपीआर३२ असा वेगळा फ्लॅग द्यावा लागतो. कारण जुन्या कोडमधली एखादी इन्स्ट्रक्शन ही रजिस्टरं एन्कोडच करू शकत नसेल, तर ते कंपायलरला कळण्याचा मार्गच नाही.

१. कोडला हात न लावता फ्लॅग बदलून पाहा

आधी खरे फ्लॅग बघा. मेकफाइल असेल तर व्ही=१, सीमेक असेल तर व्हर्बोज=१ देऊन पूर्ण कमांड छापून घ्या. आयडीईनं परस्पर -ओ० घातलेलं असतं, एखाद्या जुन्या स्क्रिप्टमध्ये -एफफिक्स्ड- ने सुरू होणारा फ्लॅग लपलेला असतो आणि तो एक रजिस्टर कायमचं काढून घेतो. मग तीच एक फाइल -ओ० आणि -ओ२ नं, -एफपिकसह (कुठल्याही पत्त्यावर चालणारा कोड) आणि त्याशिवाय बिल्ड करून पाहा.

याला खर्च शून्य आहे आणि यातून दोष कोणत्या जातीचा हे कळतं. ३२-बिट एक्स८६ वर जनरल रजिस्टरं आठ. ईएसपी स्टॅकसाठी गेलं, उरली सात. -ओ० ला ईबीपी फ्रेम पॉइंटरसाठी जातं, उरली सहा. जीसीसी ५ च्या आधीच्या आवृत्त्यांत -एफपिक दिलं की ईबीएक्स ग्लोबल ऑफसेट टेबलसाठी राखून ठेवलं जायचं, उरली पाच. २०१५ च्या जीसीसी ५ पासून हे राखीव रजिस्टर सुटं झालं; जुन्या टूलचेनवर अडकलेल्यांना मात्र ते अजूनही छळतं.

फ्लॅग बदलल्यावर एरर गेला, तर टंचाई आहे: तपासणी ३ कडे जा. कुठल्याही फ्लॅगला तोच एरर येत असेल तर बहुधा अक्षर किंवा क्लॉबर (तुकडा कोणती रजिस्टरं बिघडवतो त्याची यादी) चुकलंय. आणि ‘इम्पॉसिबल’ किंवा ‘मोर रजिस्टर्स’वाला मेसेज ६४-बिटवर येत असेल तर टंचाईचा संशय जवळजवळ सोडून द्या. तिथं फ्रेम पॉइंटर धरूनही चौदा रजिस्टरं हातात असतात.

आज संध्याकाळीच बिल्ड द्यायचा असेल तर त्या एका फाइलपुरतं -ओ१ आणि -एफओमिट-फ्रेम-पॉइंटर लावायला माझी हरकत नाही. मेकफाइलमध्ये शेजारी कारण लिहून ठेवा.

२. ही असेम्ब्ली हवीच आहे का?

बिट मोजणं, पुढची शून्यं मोजणं, बाइटचा क्रम उलटवणं, टाइमस्टॅम्प वाचणं, सीपीयूआयडी: या सगळ्यांसाठी बिल्टइन (कंपायलरनंच दिलेली फंक्शनं) किंवा तयार हेडर आहेत. बिल्टइनला कोणता क्लास चालतो हे मशीन डिस्क्रिप्शनमध्येच लिहिलेलं असल्यामुळे कंपायलर पूर्ण माहितीनिशी निवड करतो. सीपीयूआयडीसाठी जीसीसीच्या सीपीयूआयडी.एच मधला मॅक्रो घ्या. ईबीएक्सचा गुंता त्यात सोडवलेला आहे. तुकडा काढून टाकता आला तर पुढचं वाचायची गरज नाही.

३. रजिस्टरं मोजा

कागदावर मोजा. प्रत्येक ‘आर’ ऑपरंडला (तुकड्याला दिलेलं किंवा त्यातून घेतलेलं मूल्य) एक. अधिक-चिन्हाच्या ‘आर’लाही एकच, कारण आत-बाहेर तेच रजिस्टर असतं. आउटपुटशी जुळवलेल्या ‘०’ ला वेगळं लागत नाही. ‘आय’ला, म्हणजे स्थिर आकड्याला, काहीच नाही. क्लॉबर यादीतलं प्रत्येक रजिस्टर एक; ‘मेमरी’ आणि ‘सीसी’ ही नावं मोजू नका.

लोक हमखास विसरतात ते ‘एम’. मेमरी ऑपरंड आहे म्हणजे रजिस्टर लागत नाही असं वाटतं. फंक्शनमधल्या लोकल व्हेरिएबलसाठी ते बरोबर आहे, तो पत्ता फ्रेमवरून निघतो. पण पॉइंटरमधून वाचत असाल तर बेस म्हणून एक रजिस्टर लागतं, आणि अ‍ॅरेचा इंडेक्स असेल तर कदाचित दुसरंही.

इमेज प्रोसेसिंगच्या कोडमध्ये नेहमी दिसणारा तुकडा घ्या: सोर्सचे दोन पॉइंटर, डेस्टिनेशनचा एक, दोन स्ट्राइड (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर), रुंदी, आणि एक टेम्पररी. बेरीज सात. -ओ२ ला कसंबसं बसतं, -ओ० ला बसणं शक्यच नाही. कंपायलर इथं स्पिल करूनही, म्हणजे मूल्य मेमरीत हलवूनही, सुटू शकत नाही, कारण असेम्ब्लीचा तुकडा त्याच्या दृष्टीनं एकच इन्स्ट्रक्शन आहे आणि त्या क्षणी सातही मूल्यं रजिस्टरात असायला हवीत.

उपाय तीन आहेत. लूपमध्ये क्वचित लागणारी मूल्यं, इथं रुंदी आणि स्ट्राइड, ‘एम’नं द्या. किंवा सगळी एका स्ट्रक्चरमध्ये घालून त्याचा एकच पॉइंटर आत पाठवा. किंवा तुकडा दोन भागांत तोडा. ‘आरएम’ लिहून निवड कंपायलरवर सोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जीसीसीवर तो चांगला आहे, क्लँग मात्र बराच काळ अशा वेळी रजिस्टर मोकळं असूनही थेट मेमरी निवडत आला आहे, तेव्हा वेग मोजूनच ठरवा.

हे नीट कसं हाताळावं हे पाहायचं असेल तर एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरचा एक्स८६ कोड उघडा. त्यांची कॉन्फिगर स्क्रिप्ट आधीच ईबीएक्स आणि ईबीपी मोकळी आहेत का ते तपासते, आणि त्यावरून हॅव्ह_६रेग्ज, हॅव्ह_७रेग्ज असे मॅक्रो ठरतात. सात रजिस्टरं लागणारा तुकडा सात मिळणार असतील तरच बिल्डमध्ये येतो, नाहीतर साधा सी कोड वापरला जातो. हा प्रश्न गृहीत धरूनच रचना केलेली आहे, आणि मला हीच पद्धत सगळ्यात पटते.

४. क्लॉबर यादी

इनपुट ‘ए’ अक्षरानं ईएएक्समध्ये मागितलंय आणि क्लॉबरमध्येही ईएएक्स लिहिलंय, असं दिसलं की दोष सापडला. क्लॉबरमधलं रजिस्टर कुठल्याही ऑपरंडला देता येत नाही, म्हणून ‘ए’चा क्लास रिकामा होतो आणि ‘इम्पॉसिबल’ हा शब्द शब्दशः खरा ठरतो. इनपुट बदलत असेल तर ते अधिक-चिन्ह लावून आउटपुटमध्ये घ्या आणि क्लॉबरमधून नाव काढा. एवढंच.

५. अक्षर आणि इन्स्ट्रक्शन एकमेकांशी ताडून पाहा

इथं वेळ लागतो, आणि खरा दोष बहुधा इथंच असतो. %एसआयएल चं उदाहरण जवळून बघू.

तुलनेचं उत्तर एका बाइटमध्ये ठेवणारी ‘सेटई’ इन्स्ट्रक्शन आहे, आणि आउटपुट कॅरेक्टर टाइपचं, अक्षर ‘आर’. एक्स८६ मध्ये बाइट रजिस्टरचा क्रमांक तीन बिटांत लिहितात. ० ते ३ म्हणजे एएल, सीएल, डीएल, बीएल. ४ ते ७ म्हणजे ३२-बिटमध्ये एएच, सीएच, डीएच, बीएच. ६४-बिटमध्ये इन्स्ट्रक्शनच्या आधी आरईएक्स प्रिफिक्स असेल तर तेच ४ ते ७ क्रमांक एसपीएल, बीपीएल, एसआयएल, डीआयएल होतात. म्हणजे क्रमांक ६ चा अर्थ ६४-बिटमध्ये ईएसआयचा खालचा बाइट असू शकतो. ३२-बिटमध्ये तो डीएच, ईडीएक्सचा दुसरा बाइट. ईएसआयच्या खालच्या बाइटला ३२-बिटमध्ये क्रमांकच नाही.

‘आर’ लिहिलं की कंपायलर ईएसआय द्यायला मोकळा. आजूबाजूला गर्दी नसेल तर तो ईएएक्स देतो आणि सगळं चालतं. फंक्शन मोठं झालं, इनलाइन झालं, ए-बी-सी-डी भरली, की ईएसआय येतं आणि बिल्ड फेल होतो. ‘काल चालत होतं, मी या ओळीला हातही लावला नाही’ ही तक्रार अगदी खरी असते.

बरोबर अक्षर ‘क्यू’. ३२-बिटला त्याचा अर्थ क्यू_रेग्ज, ६४-बिटला कुठलंही इंटिजर रजिस्टर, म्हणजे दोन्हीकडे नेमकं हवं तेवढंच. एएच, बीएच असे वरचे बाइट वापरणारा तुकडा असेल तर कॅपिटल क्यू लागतं. ते दोन्हीकडे चारच रजिस्टरांपुरतं राहतं. आणि तुम्हाला फक्त फ्लॅगचं उत्तर हवं असेल तर २०१६ च्या जीसीसी ६ पासून कंडिशन फ्लॅगच आउटपुट म्हणून मागता येतो. मग ‘सेटई’ लिहायलाच नको.

आता न बोलणारे दोष. इथं कंपायलर आणि असेम्ब्लर दोघंही गप्प बसतात.

आरडीटीएससी (टाइमस्टॅम्प वाचणारी इन्स्ट्रक्शन) सोबत ‘ए’चं कॅपिटल अक्षर हा जुन्या ३२-बिट कोडमधला लोकप्रिय प्रकार. ३२-बिटमध्ये त्याचा अर्थ ईडीएक्स आणि ईएएक्सची जोडी, म्हणून ६४ बिटांचं मूल्य बरोबर मिळतं. ६४-बिटमध्ये तेवढं मूल्य एकाच रजिस्टरात मावतं, त्यामुळे तेच अक्षर ‘आरएएक्स किंवा आरडीएक्स, कुठलंही एक’ असं वाचलं जातं आणि अर्धा आकडा हरवतो. लहान ‘ए’ आणि ‘डी’ अशी दोन आउटपुटं घ्या आणि सीमध्ये शिफ्ट करून जोडा.

पॉवरपीसी प्रोसेसरवर पत्त्यासाठी ‘आर’ लिहिणं याहून घातक. तिथं लोड आणि अ‍ॅडआय यांसारख्या इन्स्ट्रक्शनमध्ये बेसच्या जागी रजिस्टर ० आलं, तर त्यातलं मूल्य न घेता सरळ शून्य धरतात. कंपायलरनं कधीतरी आर० दिलं की पॉइंटर हवेत विरतो आणि वाचन शून्याजवळच्या पत्त्यावरून होतं. त्यासाठी ‘बी’ हे अक्षर आहे, आर० वगळून केलेला बेस_रेग्ज क्लास. आयबीएमच्या एस/३९० वर हाच प्रश्न आहे आणि तिथं अक्षर ‘ए’.

एआर्च६४ (६४-बिट आर्म) वर ‘डब्ल्यू’ म्हणजे व्ही० ते व्ही३१. पण १६-बिट घटकांच्या बाय-एलिमेंट गुणाकारात त्या ऑपरंडला व्ही० ते व्ही१५ च चालतात, म्हणून तिथं ‘एक्स’. इथं निदान असेम्ब्लर ओरडतो.

अक्षर बरोबर असूनही उत्तर चुकत असेल तर आउटपुटवर अर्ली क्लॉबरचं चिन्ह आहे का बघा. ते नसेल तर सगळी इनपुट वापरून झाल्यावरच आउटपुट लिहिलं जातं असं कंपायलर धरतो आणि दोघांना एकच रजिस्टर देऊ शकतो.

६. कंपायलरनं काय ठरवलं ते त्यालाच विचारा

एवढ्यानंही सुटलं नाही तर जीसीसीला -एफडम्प-आरटीएल-आयआरए द्या. .आयआरए नं संपणारी फाइल तयार होते. तिच्यात ‘पास ० फॉर फाइंडिंग सूडो/अ‍ॅलोक्नो कॉस्ट्स’ या ओळीखाली प्रत्येक सूडोची नोंद असते, साधारण अशी: ‘आर८८: प्रिफर्ड क्यू_रेग्ज, अल्टरनेटिव्ह जनरल_रेग्ज, अ‍ॅलोक्नो जनरल_रेग्ज’. त्याखाली क्लासनिहाय खर्च आणि शेवटी मेम, म्हणजे मेमरीचा खर्च.

वाचताना दोनच प्रश्न विचारा. तुमच्या ऑपरंडच्या सूडोला अपेक्षित क्लास मिळालाय का? आणि मेमचा आकडा रजिस्टरपेक्षा कमी झालाय का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर ते मूल्य बहुधा दोन विसंगत क्लासमध्ये ओढलं जातंय: एकीकडे (एक्स८६ च्या) ‘एक्स’नं एसएसईमध्ये मागितलेलं आणि दुसरीकडे लूपमध्ये इंटिजर म्हणून बेरजेला लावलेलं. असेम्ब्लीसाठी वेगळं व्हेरिएबल घेऊन त्यात मूल्य एकदाच कॉपी केलं की दोन्ही सूडोंना आपापला क्लास मिळतो.

क्लँगवर एलएलव्हीएम आयआर (कंपायलरचं मधलं रूप) काढून एलएलसी या टूलला -स्टॉप-आफ्टर=फायनलाइझ-आयसेल द्या. तिथं प्रत्येक आभासी रजिस्टरच्या नावाशेजारीच क्लास लिहिलेला असतो: जीआर३२, जीआर३२_नोएसपी, जीआर३२_एबीसीडी. मला विचाराल तर शिकण्यासाठी ही नोंद जीसीसीच्या डम्पपेक्षा सोपी आहे.

इथं थांबा

तुकड्यात इनलाइन असेम्ब्ली नाहीच, साधा सी कोड आहे आणि तरी ‘अनेबल टू फाइंड अ रजिस्टर टू स्पिल’ किंवा तो ९० वाला मेसेज येतोय, तर दोष तुमचा नाही. त्या प्रोसेसरच्या मशीन डिस्क्रिप्शनमध्ये किंवा अ‍ॅलोकेटरमध्ये बग आहे. कोडची उलटापालट करून तो तात्पुरता लपतो, पुढच्या आवृत्तीत परत येतो. -सेव्ह-टेम्प्स नं प्रीप्रोसेस केलेली फाइल काढा, सीव्हाइज या टूलनं ती जमेल तितकी लहान करा, आणि आवृत्ती व फ्लॅगसकट जीसीसीच्या बगझिलावर किंवा एलएलव्हीएमच्या इश्यू ट्रॅकरवर टाका. प्रोसेसर विक्रेत्यानं दिलेली टूलचेन असेल तर आधी विक्रेत्याकडे. त्यांचे पॅच मूळ जीसीसीत नसतात.

कर्नलमधला कॉन्टेक्स्ट स्विच, इंटरप्टचा कोड, किंवा क्रिप्टोग्राफीचा असा कोड ज्याला लागणारा वेळ डेटानुसार बदलता कामा नये: इथं अक्षर बदलून ‘चालतंय का बघू’ करू नका. टेस्ट पास होतील, आणि किल्ली फुटल्याचं कोणाला कळणारही नाही. त्या सबसिस्टिमच्या मेंटेनरला विचारा.

आणि तुम्ही स्वतःच नव्या प्रोसेसरसाठी बॅकएंड लिहीत असाल, क्लास तुम्हीच ठरवत असाल, तर ९० चा मेसेज दिसल्यावर एकट्यानं झुंजत बसू नका. एका क्लासमधून दुसऱ्यात जायला तिसरं रजिस्टर लागतं तेव्हा सेकंडरी रीलोडचे हुक बरोबर लिहावे लागतात, आणि त्यातली चूक बाहेरून दिसत नाही. जीसीसीच्या सोर्समधल्या मेंटेनर्स फाइलमध्ये प्रत्येक पोर्टची जबाबदारी कोणाकडे आहे ते लिहिलेलं आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरनं मशीन डिस्क्रिप्शनवर कार्यशाळा घेतल्या होत्या; त्यातलं साहित्य मिळालं तर आधी ते वाचा, म्हणजे मेंटेनरला नेमकं काय विचारायचं ते कळेल. विचारताना डम्पमधली त्या सूडोची ओळ, इन्स्ट्रक्शनचा पॅटर्न आणि क्लासची व्याख्या, तिन्ही सोबत पाठवा.